कारखाने गेले, करार राहिला : एएमडीच्या वेफर-पुरवठ्याचे प्रकरण

२ मार्च २००९ रोजी अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजेच एएमडी, या अमेरिकी कंपनीने चिप्स बनवणारे आपले कारखाने एका नव्या कंपनीच्या हवाली केले आणि दोन दिवसांनी त्या कंपनीचे नाव ग्लोबलफाउंड्रीज असे जाहीर झाले. ही हकिकत आज बहुधा एका वाक्यात सांगितली जाते : एएमडीने कारखाने सोडले आणि म्हणून ती तगली. वाक्य खोटे नाही, पण त्यात दहा वर्षे गाळलेली आहेत. कारखाने ताळेबंदातून निघाले, तरी ते भरते ठेवण्याची जबाबदारी पुरवठा-कराराच्या रूपाने एएमडीकडेच राहिली आणि ती कंपनीला टप्प्याटप्प्याने, कधी रोख पैसे, कधी शेअर देऊन सोडवून घ्यावी लागली. हे प्रकरण त्या दहा वर्षांविषयी आहे. उत्पादनक्षमता, भागीदारी आणि नवे बाजार हे विषय धोरणाच्या कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले जातात. एएमडीच्या बाबतीत ते एकाच गाठीचे तीन धागे होते आणि एक ओढला की बाकीचे दोन ताणले जात होते.

फॅबचे ओझे

एएमडीची स्थापना १९६९ ची. संस्थापक जेरी सँडर्स यांच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते, त्याचा आशय असा की खऱ्या मर्दाकडे स्वतःचा फॅब, म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना, असतो. त्यात बढाई होती, तसा त्या काळापुरता व्यवहारही होता, कारण चिपची रचना आणि ती बनवण्याची प्रक्रिया एकमेकींच्या आधाराने पुढे जात आणि दोन्ही एकाच छताखाली असलेली कंपनी वेगाने शिकत असे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एएमडीने आधी फॅब ३० आणि नंतर ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर, म्हणजे जिच्यावर एकदम अनेक चिप्स घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, काम करणारा फॅब ३६ उभारला. प्रक्रियेचे तंत्र विकसित करण्यासाठी तिने आयबीएमशी हातमिळवणी केली होती आणि मागणी वाढली तर हाताशी असावी म्हणून सिंगापूरच्या चार्टर्ड सेमीकंडक्टरकडेही काही क्षमता घेतली होती. सर्व्हरसाठीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर २००३ मध्ये आल्यानंतरची दोन-तीन वर्षे कंपनीसाठी इतकी चांगली गेली की ही सगळी गुंतवणूक तेव्हा योग्यच वाटत होती.

फॅबचा हिशेब मात्र चांगल्या वर्षांवर चालत नाही. यंत्रे, स्वच्छ कक्ष, रसायने, चोवीस तास राबणारे अभियंते यांचा खर्च वेफर कमी निघाले म्हणून फारसा कमी होत नाही. फॅब पूर्ण भरलेला असेल तर हा स्थिर खर्च लाखो चिप्सवर विभागला जातो. तो अर्धा रिकामा असेल तर प्रत्येक चिपवरचा बोजा जवळपास दुप्पट होतो. त्यात दर दोन-तीन वर्षांनी नवी प्रक्रिया आणायची म्हणजे मागच्याहून महाग यंत्रे घ्यायची. इंटेलचा खप इतका मोठा होता की तिला हे चक्र फिरवत ठेवता येत असे. एएमडीचा बाजारहिस्सा वर-खाली होत असे आणि फॅबला नेमकी तीच गोष्ट सोसत नाही.

२००६ मध्ये दोन घटना एकत्र आल्या. इंटेलने कोअर मालिका आणून कामगिरीतील आघाडी परत मिळवली आणि त्याच वर्षी एएमडीने ग्राफिक्स चिप्स बनवणारी एटीआय ही कॅनडाची कंपनी ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतली, तीही बऱ्याच अंशी कर्ज काढून. २००७ मध्ये सुमारे ३.४ अब्ज आणि २००८ मध्ये सुमारे ३.१ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला. एटीआयच्या खरेदीवर त्या वेळी सडकून टीका झाली आणि दिलेल्या किमतीबाबत ती रास्तही होती. तरी या खरेदीतून आलेल्या एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. एटीआयकडे फॅब कधीच नव्हता. तिच्या चिप्स तैवानच्या टीएसएमसीकडे बनत. म्हणजे कारखाने सोडण्याचा निर्णय होण्याआधीच कंपनीच्या एका अंगाला दुसऱ्याच्या कारखान्यात चिप बनवून घेण्याची पुरती सवय होती. पुढच्या काळात ही सवय फार मोलाची ठरली.

अबू धाबीचा तोडगा

७ ऑक्टोबर २००८ रोजी जाहीर झालेली योजना अशी होती. एएमडीचे ड्रेस्डेनमधील कारखाने आणि संबंधित मालमत्ता नव्या कंपनीकडे जातील. अबू धाबी सरकारच्या मालकीची एटिक ही गुंतवणूक कंपनी २.१ अब्ज डॉलर घालेल, त्यातील १.४ अब्ज नव्या कंपनीत आणि ७० कोटी डॉलर थेट एएमडीला मिळतील. एएमडीचे सुमारे १.२ अब्ज डॉलरचे कर्ज नवी कंपनी आपल्या अंगावर घेईल. शिवाय पुढील पाच वर्षांत कारखान्यांच्या विस्तारासाठी किमान ३.६ अब्ज आणि कमाल ६ अब्ज डॉलर देण्याची तयारी एटिकने दाखवली. अबू धाबीच्याच मुबादला या कंपनीने नोव्हेंबर २००७ मध्ये एएमडीचा सुमारे ८ टक्के हिस्सा आधीच घेतला होता, त्यामुळे बोलणी अनोळखी माणसांशी नव्हती. जागतिक मंदीत शेअरचा भाव कोसळल्यावर डिसेंबरमध्ये अटी बदलल्या आणि नव्या कंपनीतील एएमडीचा हिस्सा सुरुवातीला ठरल्यापेक्षा कमी होऊन सुमारे ३४ टक्क्यांवर आला.

कायद्याची एक अडचण राहिली होती. एक्स८६ या इंटेलच्या घाटाचे प्रोसेसर बनवण्याचा एएमडीचा परवाना इंटेलशी झालेल्या करारावर अवलंबून होता आणि नवी कंपनी त्या कराराच्या व्याख्येत बसत नाही, असा दावा इंटेलने मार्च २००९ मध्ये केला. नोव्हेंबर २००९ मध्ये दोघांनी सर्व वाद एकत्र मिटवले, इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर दिले आणि ग्लोबलफाउंड्रीज एएमडीची उपकंपनी असण्याची गरज उरली नाही.

दोन्ही बाजूंचे हेतू पाहिले तर तोडगा शहाणपणाचा होता. एएमडीला भांडवली खर्चातून सुटका हवी होती. अबू धाबीला तेलापलीकडचा उद्योग हवा होता आणि त्यासाठी चालू स्थितीतील, प्रशिक्षित माणसे असलेला, पहिल्या दिवसापासून एक मोठा ग्राहक असलेला कारखाना मिळत होता. ग्लोबलफाउंड्रीजने लगेच न्यूयॉर्क राज्यातील माल्टा येथे फॅब ८ चे काम सुरू केले आणि एटिकने चार्टर्ड सेमीकंडक्टरही विकत घेऊन तिच्यात मिळवली. पण ज्या ‘मोठ्या ग्राहका’च्या भरवशावर हे सगळे उभे राहत होते, तो ग्राहक कराराने बांधलेला असणे अबू धाबीच्या दृष्टीने अत्यावश्यक होते. कोणताही गुंतवणूकदार अब्जावधी डॉलर ओतून एएमडीला दुसरीकडे जाण्याची मोकळीक देणार नव्हता. वेफर पुरवठा करार जन्माला आला तो या गरजेतून.

वेसण

२००९ च्या करारानुसार एएमडीने आपले जवळपास सर्व मायक्रोप्रोसेसर ग्लोबलफाउंड्रीजकडूनच बनवून घ्यायचे होते आणि त्यांची किंमत उत्पादनखर्च अधिक नफा या सूत्राने ठरणार होती. ग्राफिक्स चिप्सचा काही वाटाही काळाच्या ओघात तिकडे वळवायचा होता. या सूत्रात काय दडले आहे ते पाहिले पाहिजे. खर्चावर आधारित किंमत म्हणजे कारखाना रिकामा राहिला तर त्याचा बोजा ग्राहकावर. एएमडीने फॅबचे मालकी हक्क सोडले होते, फॅबची जोखीम सोडली नव्हती. उलट यंत्रे कोणती घ्यायची आणि प्रक्रिया केव्हा बदलायची, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा गेला होता.

पहिला चटका २०११ मध्ये बसला. लॅनो हा प्रोसेसर ड्रेस्डेनमध्ये ३२ नॅनोमीटर प्रक्रियेवर (हा आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया नवी आणि बारीक) बनत होता आणि यील्ड, म्हणजे एका वेफरमधून निघणाऱ्या चांगल्या चिप्सचे प्रमाण, फारच कमी होते. मागणी असूनही माल नव्हता आणि सप्टेंबरअखेर एएमडीला आपला तिमाही अंदाज खाली आणावा लागला. त्याआधी एप्रिलमध्येच करारात पहिली दुरुस्ती झाली होती : त्या वर्षापुरते एएमडीने ३२ नॅनोमीटरसाठी संपूर्ण वेफरऐवजी फक्त चालणाऱ्या चिप्सचे पैसे द्यायचे. वरवर पाहता हा ग्राहकाचा विजय होता. पण चालणाऱ्या चिपचेच पैसे मिळणार असतील तर तोटा कारखान्याकडे जातो आणि कारखान्याचा मालक तो कायमचा सोसत नाही. पुढच्या वर्षी किंमत पुन्हा वेफरवर आली.

मार्च २०१२ मधील दुरुस्ती माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे. कमी विजेवर चालणाऱ्या काही २८ नॅनोमीटर चिप्स एएमडीला टीएसएमसीकडे बनवून घ्यायच्या होत्या. करार आड येत होता. मर्यादित काळासाठी आणि ठरावीक उत्पादनांपुरती ही सवलत मिळवण्यासाठी एएमडीने ४२.५ कोटी डॉलर रोख देण्याचे कबूल केले आणि ग्लोबलफाउंड्रीजमधील आपला उरलेला सगळा हिस्सा सोडून दिला. दोन्ही मिळून ७०.३ कोटी डॉलरचा बोजा त्या तिमाहीच्या हिशेबात पडला. तीन वर्षांपूर्वी कारखाने देताना कंपनीच्या हातात रोख ७० कोटी डॉलर आले होते. तेवढ्याच मोलाची रक्कम आता, कारखाने परत न मिळता, फक्त काही चिप्स दुसऱ्याकडे बनवण्याच्या परवानगीसाठी गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी पीसीचा बाजार घसरला. टॅब्लेट आणि फोनकडे ग्राहक वळत होते आणि एएमडीने घेण्याचे कबूल केलेले वेफर तिला नको झाले होते. डिसेंबर २०१२ च्या दुरुस्तीने चौथ्या तिमाहीतील खरेदी सुमारे ५० कोटींवरून ११.५ कोटी डॉलरवर आणली, २०१३ साठी १.१५ अब्ज डॉलरची खरेदी ठरली आणि न घेतलेल्या वेफरपोटी ३२ कोटी डॉलरचे शुल्क एएमडीने हप्त्यांनी द्यायचे ठरले : ८ कोटी लगेच, ४ कोटी एप्रिलपर्यंत आणि उरलेले २० कोटी वचनचिठ्ठीवर २०१३ च्या अखेरीस. वस्तू न घेण्यासाठी पैसे देणारी आणि तेही उधारीवर देणारी कंपनी किती अडचणीत असेल, याची कल्पना या एका चिठ्ठीवरून येते. मार्च २०१३ मध्ये तिने टेक्सासमधील ऑस्टिनचा आपला परिसर १६.४ कोटी डॉलरला विकला आणि तोच पुन्हा भाड्याने घेतला.

ज्या पैशातून नवी रचना उभी राहायची, तोच पैसा असा जात होता. संशोधन आणि विकासावरचा वार्षिक खर्च २०११ मधील सुमारे १.४५ अब्ज डॉलरवरून २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींवर आला. या घसरणीला एकटा करार जबाबदार नव्हता. बुलडोझर ही २०११ मधील प्रोसेसर-रचना स्पर्धेत कमी पडली हे त्याहून मोठे कारण होते. पण कमकुवत उत्पादन आणि कडक खरेदी-हमी एकत्र आल्या की प्रत्येक दुसरीला अधिक वाईट करते. उत्पादन विकले जात नाही म्हणून वेफर नको होतात, वेफर नको म्हणून दंड भरावा लागतो आणि दंड भरल्यामुळे पुढचे उत्पादन सुधारायला पैसा उरत नाही.

नवे बाजार : एक चालला, एक बुडाला, एक बंद झाला

या काळात कंपनीला सावरले ते घरगुती खेळयंत्रांनी. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन बाजारात आले आणि दोन्हींच्या आत एएमडीने त्या-त्या ग्राहकासाठी खास रचलेल्या चिप्स होत्या. एकाच चिपमध्ये सामान्य प्रोसेसर आणि दमदार ग्राफिक्स बसवण्याची क्षमता तिच्याकडे एटीआयमुळे आली होती. २००६ मध्ये ज्या खरेदीने कंपनीला कर्जात लोटले, तिनेच सात वर्षांनी तिला श्वास दिला. या व्यवसायाला कंपनी ‘सेमी-कस्टम’ म्हणे. त्याची घडण आजारी कंपनीला नेमकी मानवणारी होती. रचनेच्या खर्चाचा काही भार ग्राहक उचलत असे, विक्रीचा अंदाज कित्येक वर्षे आधी बांधता येत असे आणि जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागत नसे. नफ्याचे प्रमाण मात्र कमी होते. २०१५ मध्ये हा विभाग, एंटरप्राइझ आणि एम्बेडेड उत्पादनांसह, सुमारे २.२ अब्ज डॉलरची विक्री करत होता आणि संगणक व ग्राफिक्सचा मूळ व्यवसाय १.८ अब्जांवर आला होता. कंपनीची निम्म्याहून अधिक विक्री दहा वर्षांपूर्वी अस्तित्वातच नसलेल्या विभागातून येत होती.

एक गोष्ट इथे विसरता कामा नये. पहिल्या खेळयंत्रांच्या चिप्स २८ नॅनोमीटरवर टीएसएमसीकडे बनत होत्या. म्हणजे ज्या बाजाराने कंपनी जगवली, त्याचे वेफर ग्लोबलफाउंड्रीजच्या हमीत मोजले जात नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीत १.२ अब्ज डॉलरची खरेदी ठरवताना ग्राफिक्स आणि खेळयंत्रांच्या चिप्सही ग्लोबलफाउंड्रीजकडे नेण्याचा उल्लेख आला, तो या ताणामुळेच, असे मला वाटते. २०१६ मधील पोलारिस आणि २०१७ मधील व्हेगा या ग्राफिक्स चिप्स तर तिकडेच बनल्या.

इतर प्रयत्नांबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये दाटीवाटीने रचलेले सर्व्हर बनवणारी सीमायक्रो ही कंपनी एएमडीने ३३.४ कोटी डॉलरला घेतली आणि २०१५ मध्ये तो व्यवसाय बंद केला. एप्रिल २०१६ मध्ये चीनच्या थाटिक या कंपनीशी संयुक्त उपक्रम झाला, ज्यात सर्व्हर प्रोसेसरचे तंत्रज्ञान वापरू देण्याबद्दल २९.३ कोटी डॉलर ठरले. पैशाची चणचण असलेल्या कंपनीला ही रक्कम मोठी होती, पण जून २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने या उपक्रमाशी संबंधित चिनी संस्थांवर निर्बंध घातले आणि तो रस्ता पुढे बंद झाला. त्याच महिन्यात, म्हणजे एप्रिल २०१६ मध्ये, मलेशियातील पेनांग आणि चीनमधील सूझौ येथील जुळणी व चाचणीच्या कारखान्यांतील ८५ टक्के हिस्सा नानटोंग फुजित्सू मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सला देऊन एएमडीने ३७.१ कोटी डॉलर मिळवले. वेफरचे कारखाने २००९ मध्ये गेले होते. आता वेफर कापून चिप बांधण्याचे कारखानेही बहुतांशी गेले.

स्वातंत्र्याची दुसरी खरेदी

ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. पैसा थोडा होता, तरी झेन ही पूर्णपणे नवी प्रोसेसर-रचना त्यांनी सर्वांत वर ठेवली. ती बनवायची कुठे, हा प्रश्न ग्लोबलफाउंड्रीजने स्वतःची १४ नॅनोमीटर प्रक्रिया बाजूला ठेवून एप्रिल २०१४ मध्ये सॅमसंगची प्रक्रिया परवान्यावर घेतल्यामुळे सुटला. एखाद्या फाउंड्रीने, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप्स बनवून देणाऱ्या कंपनीने, प्रतिस्पर्ध्याची प्रक्रिया स्वीकारणे अभिमानाला जड जाणारे होते, पण त्यामुळेच माल्टाच्या फॅबमधून झेन वेळेवर बाहेर पडू शकला. कमीपणा पत्करून घेतलेल्या या निर्णयाला इतिहासात मिळाले त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे.

३० ऑगस्ट २०१६ रोजी करारात सहावी दुरुस्ती झाली. २०१६ ते २०२० या पाच वर्षांसाठी दरवर्षीची खरेदी-लक्ष्ये ठरली. त्या बदल्यात एएमडीला दुसऱ्या फाउंड्रींकडे जाण्याची मोकळीक मिळाली, पण तीही मोल देऊन. तिने १० कोटी डॉलर हप्त्यांनी द्यायचे होते, दुसरीकडून घेतलेल्या काही वेफरवर ग्लोबलफाउंड्रीजला रक्कम द्यायची होती आणि मुबादलाच्या उपकंपनीला ७.५ कोटी शेअर ५.९८ डॉलर भावाने घेण्याचा हक्क द्यायचा होता. या सगळ्याचा ३४ कोटी डॉलरचा बोजा त्या तिमाहीत नोंदला गेला.

२०१२ मधील दोन आणि २०१६ मधील एक अशा तिन्ही व्यवहारांच्या रकमा मिळवल्या तर बेरीज १३६.३ कोटी डॉलर होते. २००९ मध्ये मिळालेल्या रोख रकमेच्या ती जवळपास दुप्पट आहे. तरीही २००९ चा निर्णय चुकीचा होता, असा निष्कर्ष मी काढणार नाही. १.२ अब्जांचे कर्ज तेव्हा उतरले होते आणि माल्टासारखा फॅब उभारण्याचा खर्च एएमडीला कधीच झेपला नसता. चूक असेल तर ती किमतीत होती : बाहेर पडताना दुसरीकडे जाण्याची मोकळीक करारात लिहून घेण्याइतकी ताकद कंपनीकडे नव्हती आणि जे तेव्हा लिहिले गेले नाही ते नंतर अडचणीच्या काळात, म्हणजे सर्वांत महाग भावात, विकत घ्यावे लागले.

२०१६ चा व्यवहार आणि २०१२ चे व्यवहार यांत एक मूलभूत फरक आहे. २०१२ मध्ये एएमडी भूतकाळातील बांधिलकीतून सुटण्यासाठी पैसे देत होती. २०१६ मध्ये झेनची रचना हातात होती आणि पुढच्या ७ नॅनोमीटर पिढीत उत्पादकाची निवड आपल्याला करता यावी यासाठी ती पैसे देत होती. शेअरच्या हक्काचे पुढे काय झाले तेही नोंदवण्यासारखे आहे. शेअरचा भाव अनेक पटींनी वाढल्यावर मुबादलाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तो हक्क बजावला आणि एएमडीच्या तिजोरीत सुमारे ४४.९ कोटी डॉलर जमा झाले. मिळालेल्या मोकळिकीची किंमत म्हणून जो हक्क गेला होता, तो कंपनी सुधारली तेव्हा तिच्याच कर्जफेडीला उपयोगी पडला.

चिपलेट : रचनेतच घेतलेला खरेदीचा निर्णय

मार्च २०१७ मध्ये घरगुती संगणकांसाठीचा रायझन आणि जूनमध्ये सर्व्हरसाठीचा एपिक आला. पहिल्या एपिकमध्ये एक मोठी चिप नव्हती. २१३ चौरस मिलिमीटरच्या चार सारख्या चिप्स एका पायावर जोडलेल्या होत्या. अशा तुकड्यांना चिपलेट म्हणतात. यामागचे गणित यील्डचे आहे. वेफरवर दोष कुठेही पडू शकतो आणि चिप जितकी मोठी तितकी ती दोषाच्या तावडीत सापडण्याची शक्यता अधिक. चार तुकड्यांचे एकत्र क्षेत्रफळ ८५२ चौरस मिलिमीटर भरत होते, तर हेच काम करणारी अखंड चिप ७७७ मध्ये बसली असती. म्हणजे सुमारे दहा टक्के सिलिकॉन जास्त लागत होते, तरी एएमडीच्या हिशेबाने तुकड्यांचा खर्च अखंड चिपच्या ०.५९ पट पडत होता. शिवाय तीच चिप एकटी वापरली की घरगुती रायझन, चार जोडल्या की सर्व्हरचा एपिक. अनेक वेगवेगळ्या चिप्स रचायला पैसा नसलेल्या कंपनीने एकाच रचनेतून दोन बाजार गाठले.

दुसऱ्या पावलात ही कल्पना आणखी पुढे गेली आणि इथे क्षमतेचा प्रश्न व रचनेचा प्रश्न एकमेकांत मिसळले. प्रोसेसरमधील गणना करणारा भाग नव्या, बारीक प्रक्रियेवर लहान होतो, वेगवान होतो. मेमरीशी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे परिपथ मात्र फारसे आकसत नाहीत. ते महागड्या नव्या वेफरवर बनवणे म्हणजे जागा वाया घालवणे. ऑगस्ट २०१९ मधील दुसऱ्या पिढीच्या एपिकमध्ये म्हणून गणनेचे आठ छोटे तुकडे टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर बनले आणि मध्यभागी बसणारा जोडणीचा मोठा तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या १४ नॅनोमीटरवर. जुलैमध्ये आलेल्या रायझनमध्ये तोच घाट होता, फक्त जोडणीचा तुकडा १२ नॅनोमीटरचा.

रचनाकारांनी हा घाट करारासाठी निवडला असे मी म्हणत नाही. त्यामागची अभियांत्रिकी कारणे स्वतंत्रपणे भक्कम आहेत. पण त्याचा व्यावसायिक परिणाम पाहण्यासारखा आहे. प्रत्येक प्रोसेसर विकला गेला की दोन्ही फाउंड्रींचे वेफर खपत होते. टीएसएमसीकडील दुर्मिळ क्षमता फक्त अत्यावश्यक भागासाठी वापरली जात होती आणि ग्लोबलफाउंड्रीजची हमी दंडाऐवजी उपयोगी मालाने भरली जात होती. दहा वर्षे वकील आणि वित्त विभाग ज्या गाठीशी झुंजले, ती सैल करायला चिपच्या नकाशाने मोठा हात दिला. हा भाग मला या प्रकरणातला सर्वांत सुंदर वाटतो.

दरम्यान २७ ऑगस्ट २०१८ रोजी ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. या पिढीवर लागणारा खर्च वसूल होईल इतके ग्राहक तिला दिसत नव्हते. एएमडीने त्याच दिवशी आपली ७ नॅनोमीटरची उत्पादने टीएसएमसीकडे बनतील असे सांगितले. २०१६ मध्ये मोकळीक घेतलेली नसती, तर पुरवठादाराने हात वर केलेल्या त्या क्षणी एएमडीला नवी बोलणी शून्यातून सुरू करावी लागली असती. जानेवारी २०१९ च्या सातव्या दुरुस्तीने ७ नॅनोमीटर व त्यापुढील सर्व उत्पादनांसाठी कोणतेही शुल्क न देता कुठेही जाण्याची मुभा मिळाली. ग्लोबलफाउंड्रीजकडे जुन्या प्रक्रियांवरच्या खरेदीची बांधिलकी तेवढी उरली.

तेच कलम, उलट अर्थ

विक्री २०१५ मधील सुमारे ४ अब्ज डॉलरवरून २०२१ मध्ये १६.४ अब्जांवर गेली. त्या वर्षी जगभर चिप्सचा तुटवडा होता. मे २०२१ मध्ये एएमडीने ग्लोबलफाउंड्रीजशी नवी दुरुस्ती केली : २०२२ ते २०२४ या काळात सुमारे १.६ अब्ज डॉलरचे वेफर घ्यायचे. फक्त ग्लोबलफाउंड्रीजकडूनच माल घेण्याचे कलम पूर्णपणे गेले होते, पण किमान खरेदीचे कलम होते आणि या वेळी त्याच्या बदल्यात ग्लोबलफाउंड्रीजने किमान क्षमता राखून ठेवण्याची हमी दिली होती. डिसेंबरमध्ये एएमडीने आपण होऊन मुदत २०२५ पर्यंत आणि रक्कम सुमारे २.१ अब्जांपर्यंत वाढवली, काही पैसे आगाऊ देऊन. २०१२ मध्ये ज्या कलमातून सुटण्यासाठी ३२ कोटी डॉलर मोजले होते, तेच कलम नऊ वर्षांनी तिने मागून घेतले. त्यामुळे खरेदी-हमी चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. बाजार भरलेला आहे की रिकामा आणि दुसरा दरवाजा उघडा आहे की बंद, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

दुसरा दरवाजा किती उघडा आहे, हा आजचा प्रश्न आहे. २०२२ मधील झेन ४ पिढीत जोडणीचा तुकडाही टीएसएमसीच्या ६ नॅनोमीटरवर गेला, म्हणजे नव्या प्रोसेसरांत ग्लोबलफाउंड्रीजचे स्थान आकसले आणि एका पुरवठादाराची पकड सुटता सुटता दुसऱ्यावरचे अवलंबन वाढले. फरक असा की टीएसएमसीवरील हे अवलंबन करारातून नव्हे, तर अग्रभागी प्रक्रियेत पर्याय फार थोडे असल्यामुळे आले आहे आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी पैसे देऊन सही करता येईल असा कागदही नाही. टीएसएमसीच्या अ‍ॅरिझोनातील कारखान्यात पाचव्या पिढीच्या एपिकचे उत्पादन पडताळून पाहिल्याचे कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. त्याने भूगोलाची जोखीम थोडी कमी होते, पुरवठादार तोच राहतो.

कारखान्यांबद्दलची कंपनीची वृत्ती मात्र आता पक्की झालेली दिसते. सर्व्हर रचणारी आणि बनवणारी झेडटी सिस्टिम्स ही कंपनी ४.९ अब्ज डॉलरला घेण्याचे तिने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२५ अखेर व्यवहार पूर्ण केला. मे २०२५ मध्ये तिचा उत्पादन विभाग सॅनमिना या उत्पादक कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीला देण्याचा करार झालाही होता. रचना करणारे अभियंते तेवढे तिने ठेवून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप्ससाठी ओपनएआयशी झालेल्या, ६ गिगावॉट वीज लागेल इतक्या चिप्सच्या करारात एएमडीने या ग्राहकाला १६ कोटींपर्यंत शेअर नाममात्र भावाने घेण्याचा हक्क दिला आहे, जो चिप्स प्रत्यक्ष बसवल्या जातील आणि शेअरचा भाव ठरलेल्या टप्प्यांवर पोहोचेल तसतसा लागू होणार आहे. २०१६ मध्ये असाच हक्क पुरवठादाराच्या मालकाला दिला गेला होता, त्याच्याकडून मोकळे होण्यासाठी. या वेळी तो ग्राहकाला दिला आहे, त्याला बांधून घेण्यासाठी.